सावित्रीमाई आणि त्यांचे सहशिक्षक

अंगावर शेण-चिखल झेलत एकट्या शाळेकडे निघालेल्या क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले, हे चित्र आपणा सर्वांच्या मनावर कोरले गेले आहे. चित्र खरे आहे, परंतु अपुरे आहे. शाळेच्या उंबरठ्याआत माई एकट्या नव्हत्या. आम्ही शिक्षकांनी त्यांच्याकडून हेच शिकायचे राहून गेले आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे माईंचा जन्म झाला आणि १८४० मध्ये महात्मा जोतीरावांशी विवाह. अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली. पुढील अध्यापनात सखाराम परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनी हातभार लावला. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सगुणाबाई क्षीरसागर या कार्यात सोबत होत्या. १८४९ मध्ये घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख माईंच्या सहशिक्षिका झाल्या. लहुजी साळवे व राणबा महार यांनी वस्त्यांतून मुले शाळेकडे वळवली. अशा अनेक हातांनी ते कार्य उभे राहिले.

१८५६ च्या ऑक्टोबरात आजारी माई नायगावी माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या अनुपस्थितीत फातिमाला किती त्रास पडत असेल, याची चिंता त्यात आहे आणि ती कुरकुर करणार नाही, हा विश्वासही आहे. आमच्या मते शिक्षकांच्या सहकार्याचा याहून मोठा धडा नाही. एकीला दुसरीच्या श्रमांची जाणीव आहे. दुसरीने न सांगता भार उचलला आहे. म्हणूनच एक शिक्षिका अंथरुणाला खिळली तरी मुलींचे शिक्षण खंडित होत नाही.

फुले दांपत्याच्या विचारांचा हा वारसा आपल्या कोकणातही पोहोचला. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहून अस्पृश्यांच्या जागृतीसाठी लेखणी झिजवीत राहिले. त्याच दापोलीत बालभीमरावांचे काही बालपण गेले. आंजर्ल्याच्या मुलांना हा इतिहास परका नाही.

मात्र आम्ही शिक्षक प्रामाणिकपणे कबूल करतो की, आपल्या वर्गाचे दार लावून घेतले की कर्तव्य संपले, असे आम्हालाही अनेकदा वाटले आहे. निवासी शाळेत हे परवडत नाही. दिवसा गणितात मागे पडणारे मूल रात्री वसतिगृहात मुसमुसत असते. गणिताचे शिक्षक व अधीक्षक एकमेकांशी बोलले नाहीत, तर त्या मुलाचे दुःख दोघांनाही अर्धेच दिसते आणि अर्धवट उपाय निष्फळ ठरतो.

१८९७ च्या प्लेगात पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता माईंनाच संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निर्वाण झाले. ती अखेरची सेवाही त्यांनी इतरांच्या सोबतीनेच केली. सहकाऱ्याच्या वर्गातील मूल आमचेही आहे, असे आम्हा प्रत्येकाला वाटेल, त्या दिवशी माईंना आमचे अभिवादन पूर्ण होईल.