हेन्री मॉडस्ले : हातातली अचूकता यंत्रात आणणारा कारागीर



घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर कधी छोटा लेथ पाहिलाय का? घड्याळाच्या चाकाची आस मोडली आणि तसा भाग बाजारात मिळत नसेल, तर कारागीर याच लेथवर सुईसारखी नवी आस कातून काढतो. जुन्या काळी हा लेथ कमानीच्या दोरीने चालायचा. एका हाताने कमान मागेपुढे ओढायची, दुसऱ्या हातात हत्यार. आस पुढे फिरली की हत्यार टेकवायचं, उलटी फिरली की उचलायचं. हात जरा थरथरला की काम वाया! मोठ्या लेथवरसुद्धा हत्यार बहुतेक हातातच धरत. अचूकता सगळी माणसाच्या हातात होती. ती यंत्रात आणण्याचं काम ज्यांनी मनावर घेतलं, ते हेन्री मॉडस्ले.

हेन्रीचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वुलिच इथला. वडील लवकर वारले. बाराव्या वर्षी हा मुलगा तिथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात काडतुसांत दारू भरायच्या कामाला लागला. पुढे सुतारकाम केलं, पण मन रमलं लोहारकामात. हाताची सफाई अशी, की अठराव्या वर्षी कुलूप बनवणाऱ्या प्रसिद्ध जोसेफ ब्रामा यांनी त्याला बोलावून घेतलं. ब्रामांचं कुलूप फार नाजूक होतं. ते मोठ्या संख्येने बनवता येईल अशी यंत्रं मॉडस्ले यांनी तयार केली. पगार आठवड्याला ३० शिलिंग. संसार वाढला, म्हणून त्यांनी पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली. मग १७९७ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं दुकान थाटलं.

आता त्यांचा लेथ समजून घेऊया. त्यांनी हत्यार लोखंडी पकडीत घट्ट बसवलं. ही पकड रुळावरून सरळ सरकायची. शेजारी एक लांब मळसूत्र, आणि ते फिरवायला दातेरी चाकं. चाकं बदलली की वेगळ्या मापाचे आटे पडत. सरकत्या पकडीची कल्पना आधीही होती, पण ती भक्कम, रोजच्या वापराची झाली ती त्यांच्यामुळे. त्याआधी बऱ्याचदा एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसत नसे. जोड्या खुणा करून ठेवाव्या लागत!

पुढे मार्क ब्रुनेल यांच्या कल्पनेवरून त्यांनी पोर्ट्‌स्मथच्या गोदीसाठी जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रं तयार केली. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे मजूर करू लागले. यंत्र आलं की हाताचं कसब जातं का, हा आजचा प्रश्न तेव्हाही होताच. मॉडस्ले यांच्या कारखान्यात मात्र कसबाला मान होता. प्रत्येक कामगाराजवळ सपाटी तपासायला एक अचूक पाटी असे. त्यांचं स्वतःचं मापयंत्र इंचाचा दहा हजारावा भाग दाखवायचं. यंत्र अचूक हवं, तर ते घडवणारा हात आधी अचूक हवा ना?

म्हणूनच हा कारखाना शाळाच ठरला. जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ, रिचर्ड रॉबर्ट्‌स हे नामांकित अभियंते इथेच तयार झाले. मॉडस्ले १८३१ मध्ये वारले. दहा वर्षांनी व्हिटवर्थ यांनी आट्यांची ठरावीक मापं देशापुढे मांडली.

हा पाठ घेताना एकाच मापाचे चार नट-बोल्ट वर्गात न्या. मुलांना नटांची अदलाबदल करायला सांगा. सगळे बसतील. मग विचारा, का बसले? आणि पालकहो, घरात एखादं मूल सतत काहीतरी खोलून जोडत बसत असेल, तर त्याला रागावण्याआधी एक पाना आणून द्या.