प्राध्यापकपद सोडणारा अध्यापक : निको टिनबर्गेन

विद्यापीठात प्राध्यापकपद मिळावे म्हणून विद्वान माणसे वर्षानुवर्षे झटतात. मिळालेले पद आपण होऊन सोडून खालच्या जागेवर जाणारा विद्वान विरळाच. डच प्राणिशास्त्रज्ञ निकोलास टिनबर्गेन यांनी १९४९ साली नेमके हेच केले. हॉलंडमधील लायडन या प्राचीन विद्यापीठात ते प्रायोगिक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. वय ४२, पदरी पत्नी आणि मुले. अशा वेळी कमी पगाराची, कनिष्ठ अध्यापकाची जागा पत्करून ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डला गेले. मोकळ्या निसर्गातील प्राणी जसे वागतात तसे का वागतात, या प्रश्नाचे मोल त्यांच्या लेखी पदाहून अधिक होते. तत्त्वापायी नोकरीवर पाणी सोडण्याची ही त्यांची पहिली वेळही नव्हती.

१५ एप्रिल १९०७ रोजी हेग शहरात निकोचा जन्म झाला. घर शिक्षकाचे. वडील डच भाषेचे अध्यापक व व्यासंगी अभ्यासक, आईही लग्नापूर्वी शाळेत शिकवीत असे. पाच भावंडांपैकी थोरला यान अभ्यासात अत्यंत हुशार. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९६९ साली प्रथमच दिले गेले, तेव्हा त्याच्या दोन मानकऱ्यांपैकी तो एक होता. निकोला मात्र वर्गातल्या अभ्यासाची गोडी नव्हती. तो जेमतेम गुण मिळवून पुढे सरके. त्याचे मन रमे ते हॉकीत, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आणि घरामागच्या अंगणात ठेवलेल्या काचेच्या दोन टाक्यांतील माशांत. शाळेतील निसर्गविज्ञानाचे शिक्षक डॉ. शीरबेक यांनी हे अचूक हेरले. वर्गातील तीन मत्स्यटाक्यांची देखभाल त्यांनी निको आणि त्याच्या काही सोबत्यांवर सोपवली. मधल्या सुटीत मुलांनी मैदानावर असावे असा शाळेचा दंडक होता. परंतु या मुलाला मोकळी हवा एरवी भरपूर मिळते, असे सांगून शीरबेक यांनी मुख्याध्यापकांचे मन वळवले. शाळेच्या दृष्टीने गोष्ट लहानशीच, पण सामान्य गुणपत्रिकेच्या मुलाकडे असे पाहणारा शिक्षक वेळीच भेटणे हे भाग्याचे खरे.

शालेय शिक्षण संपल्यावरही विद्यापीठात जावे की नाही याविषयी निकोचे मन साशंक होते. काही महिने पूर्व प्रशियातील रोसिटन येथील पक्षिनिरीक्षण केंद्रात घालवल्यानंतर त्याने लायडनला जीवशास्त्र शिकण्याचे ठरवले. पीएच.डी.साठी विषय निवडला तोही पायाशी वावरणारा. हुल्सहोर्स्टच्या वालुकामय माळावर मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी वाळूत बीळ करून राहते. शेकडो बिळे शेजारी शेजारी असताना प्रत्येक माशी आपले बीळ बिनचूक कसे ओळखते? टिनबर्गेन यांनी एका बिळाभोवती पाइनच्या सुक्या शंकूंचे कडे मांडले. माशी शिकारीला गेल्यावर ते कडे उचलून थोडे बाजूला, तशाच वर्तुळात ठेवले. परतलेली माशी कड्याच्या मध्यभागी उतरली आणि नसलेले बीळ शोधू लागली. शंकू पुन्हा मूळ जागी ठेवताच तिला घर सापडले. माशी भोवतालच्या खुणा पाहून वाट ओळखते, हे इतक्या साध्या साधनांनी सिद्ध झाले. प्रबंध अगदी तोकडा होता, पण विद्यापीठाने तो १९३२ साली मान्य केला.

त्याच वर्षी एलिझाबेथ रुटेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्य पूर्व ग्रीनलंडला रवाना झाले. स्थानिक इनुइट लोकांमध्ये राहून, त्यांच्याबरोबर शिकार करीत त्यांनी वर्षाहून अधिक काळ तेथे काढला. टिनबर्गेन बर्फाळ प्रदेशातील पक्ष्यांच्या नोंदी ठेवीत. गाड्या ओढणारे कुत्रे आपापल्या टोळीची हद्द कशी राखतात, हेही त्यांनी तेथेच बारकाईने पाहिले.

लायडनला परतल्यावर ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. वर्गातल्या प्रयोगांसाठी त्यांनी निवडला स्टिकलबॅक, डबक्या-ओढ्यांत मिळणारा बोटाएवढा काटेरी मासा. विणीच्या दिवसांत या जातीच्या नराचे पोट लालभडक होते आणि हद्दीत आलेल्या दुसऱ्या नरावर तो तुटून पडतो. हुबेहूब माशासारखी, पण लाल पोट नसलेली प्रतिकृती पाण्यात सोडली तर नर फारसे लक्ष देत नसे. उलट मेणाचा ओबडधोबड गोळा खालून लाल रंगवला की त्यावर हल्ला होई. खिडकीजवळच्या टाक्यांतील नर तर रस्त्यावरून टपाल खात्याची लाल गाडी गेली की तिच्या दिशेने धाव घेत! अशी गंमत अनेकांनी पाहिली आणि हसून सोडून दिली असती. टिनबर्गेन यांना तीत प्रश्न दिसला: प्राणी समोरची वस्तू पूर्ण पाहतो, की तिच्यातील एखादीच खूण त्याला पुरते?

१९३६ साली ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेंझ लायडनला आले आणि दोघांची मैत्री जुळली. पुढल्या वसंतात टिनबर्गेन काही काळ लोरेंझ यांच्या आल्टनबर्गच्या घरी राहिले. घरंगळलेले अंडे हंसी चोचीने घरट्यात कसे ओढून आणते, यावर दोघांनी मिळून केलेला अभ्यास आजही पाठ्यपुस्तकांत आहे. लोरेंझ कल्पनांनी भारलेले, टिनबर्गेन प्रत्येक कल्पना प्रयोगावर घासून पाहणारे. प्राणिवर्तनशास्त्राला दोघांचीही गरज होती.

मग महायुद्ध आले. जर्मनीने हॉलंड व्यापले आणि लायडनच्या ज्यू प्राध्यापकांना काढून टाकले. विद्यापीठाने मान तुकवली नाही. १९४२ साली बहुसंख्य अध्यापकांनी राजीनामे दिले. टिनबर्गेन त्यांत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना सिंट-मिकिल्सगेस्टेल येथील छावणीत ओलीस म्हणून डांबण्यात आले. बाहेर प्रतिकाराची घटना घडली की ओलिसांपैकी काहींना गोळ्या घालायच्या, अशी ती व्यवस्था होती. महिनाभरापूर्वीच पाच ओलिसांचा बळी गेला होता. या टांगत्या तलवारीखाली त्यांनी दोन वर्षे काढली. घरच्या मुलांसाठी ते तेथून प्राण्यांच्या सचित्र गोष्टी लिहून पाठवीत. लाल पोटाचा तो काटेरी मासाही एका गोष्टीचा नायक झाला. तिकडे लोरेंझ नाझी पक्षाचे सभासद झाले होते. जर्मन सैन्यात डॉक्टर म्हणून गेलेले असताना ते रशियनांच्या हाती सापडले. युद्धानंतर, १९४९ साली केंब्रिज येथील परिषदेत दोघे मित्र पुन्हा भेटले. झालेली जखम लहान नव्हती, तरी टिनबर्गेन यांनी मैत्रीचा धागा पुन्हा जोडला. असा समेट प्रत्येकाला साधला असता असे नाही, आणि न साधणाऱ्यालाही दोष देता येणार नाही.

१९४७ साली मिळालेले प्राध्यापकपद त्यांनी दोनच वर्षांत का सोडले, हे आता समजू शकते. कार्यालयीन कामात त्यांचा दिवस जाऊ लागला होता. शिवाय या नव्या शास्त्राचा पाया जर्मन व डच भाषांतच घातला गेला होता. युद्धाने विभागलेल्या जगात ते इंग्रजीभाषकांपर्यंत पोहोचवणे त्यांना निकडीचे वाटत होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी स्वतःभोवती विद्यार्थ्यांचा मेळा जमवला. डेस्मंड मॉरिस, रिचर्ड डॉकिन्स, हान्स क्रूक ही त्यातली नावे. विद्यार्थ्याने सैल शब्द वापरला की त्याचा नेमका अर्थ काय आणि तो पडताळायचा कसा, हे विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत. खरी शाळा भरे ती मात्र समुद्रकिनारी, तंबूत आणि कापडी आडोशांत.

रॅव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांवर काळ्या डोक्याच्या कुरवांची मोठी वसाहत होती. (हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर दिसतात त्यांत ही जातही असते.) पिल्लू बाहेर आले की काही वेळाने कुरव रिकामे टरफल चोचीत धरून दूर टाकून येतो. वर्षातून काही मिनिटांचे हे काम. पण तेवढ्या वेळात घरटे उघडे पडते. मग हा धोका का पत्करायचा? टिनबर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अंडी एकटी, तर काही फुटक्या टरफलाशेजारी ठेवली. टरफलाजवळची अंडी कावळ्यांनी व अन्य शत्रूंनी अधिक संख्येने पळवली. अंडे बाहेरून मातकट असते, पण टरफलाची पांढरी आतली बाजू दुरून चमकते. तरीही कुरव टरफल लगेच उचलत नाही, पिल्लू सुकेपर्यंत थांबतो; कारण ओले पिल्लू शेजारचे कुरवच गिळतात. १९६२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढल्याच वर्षी लोरेंझ यांच्या साठीनिमित्त लिहिलेल्या लेखात त्यांनी कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले: ते कशामुळे घडते, प्राण्याच्या आयुष्यात कसे घडत जाते, जगण्यासाठी त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते कसे आले. या चौकटीवरच आजही हे शास्त्र शिकवले जाते. ऑक्सफर्डने त्यांना १९६६ साली प्राध्यापक केले. १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि लोरेंझ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. नैराश्याचे झटके त्यांना वारंवार गाठीत. पती-पत्नींनी स्वमग्न मुलांविषयी संशोधन हाती घेतले, परंतु आई व मुलाच्या नात्यातील बिघाडावर भर देणारी त्यांची मते तज्ज्ञांनी स्वीकारली नाहीत, आणि ते योग्यच झाले. एका गांधीलमाशीबाबत जो काटेकोरपणा त्यांनी पाळला, तो येथे दिसत नाही. शिवाय अशा मतांचा भार अखेर आयांवरच पडतो.

२१ डिसेंबर १९८८ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. रॅव्हनग्लासची कुरवांची वसाहत त्याआधीच काही वर्षे ओस पडली होती.