योगायोगाला कसोटी लावणारे कार्ल पिअर्सन

फाशांचे दान किंवा यंत्राने दिलेले आकडे खरोखरच योगायोगाने पडले की त्यांत काही खोट आहे, हे पारखण्याचे साधन ब्रिटिश गणितज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये जगाला दिले.

पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडन येथे एका बॅरिस्टरच्या घरी झाला. केंब्रिज येथे गणिताच्या अंतिम परीक्षेत ते १८७९ मध्ये तिसरे आले. जर्मनीतील अध्ययनानंतर १८८४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले.

मॉन्टे कार्लो येथील जुगारगृहातील रूले चाकाचे निकाल त्या काळी वृत्तपत्रात छापून येत. पिअर्सन यांनी ते तपासावयास घेतले. लाल आणि काळा हे रंग जवळजवळ सारख्याच वेळा आले होते. मात्र त्यांचा क्रम संशयास्पद होता. एक रंग एकदाच येऊन लगेच बदलावा, असे निम्म्या वेळा घडणे अपेक्षित असते. जुलै १८९२ मधील एकाच रंगाच्या ४,२७४ सलग मालिकांत ते २,१३७ ऐवजी २,४६२ वेळा घडले होते. दोष चाकाचा नसून आकडे टिपणाऱ्यांनी ते मनानेच रचले असावेत, अशी शंका पुढे व्यक्त झाली. मनाने आकडे रचणारा मनुष्य रंग फार घाईने बदलतो, हे लक्षात घेता ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

अशा संशयाचे मोजमाप करणारी पद्धत म्हणजे ‘काय-वर्ग’ कसोटी. प्रत्येक गटातील प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांच्या फरकाचा वर्ग करावयाचा, त्यास अपेक्षित संख्येने भागावयाचे आणि सर्व उत्तरांची बेरीज करावयाची. बेरीज फार मोठी आली, तर योगायोगाचा दावा टिकत नाही. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकले होते. त्यांत पाच आणि सहा किंचित अधिक पडल्याचे या कसोटीने उघड केले.

कसोटीच्या वापरातील एक चूक रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिली. पिअर्सन यांनी ती मान्य केली नाही आणि दोघांतील वैर अखेरपर्यंत राहिले. त्यांनी हिरिरीने पुरस्कारलेला वंशसुधारणेचा विचार तर आज पूर्णतः त्याज्य ठरला आहे. त्याच कारणास्तव युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० मध्ये आपल्या इमारतीवरील त्यांचे नाव काढून टाकले.

पिअर्सन यांच्या ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकाचे खंड १९१५ मध्ये बोटीवर वाचत प्रशांतचंद्र महालनोबिस भारतात परतले. त्यांनीच १९३१ मध्ये कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

टिपेट यांचा ४१,६०० अंकांचा यादृच्छिक तक्ता १९२७ मध्ये पिअर्सन यांच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. पिअर्सन यांचे २७ एप्रिल १९३६ रोजी निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी अशा अंकांसाठी चार चाचण्या सुचविल्या. त्यांचा निवाडा काय-वर्गावरच होत असे.