विश्लेषण : ‘अमिगा’च्या झाकणाखाली कुत्रीच्या पंजाचा ठसा का?

‘अमिगा १०००’ या १९८५ मधील संगणकाचे वरचे झाकण उघडले, की आतल्या बाजूला तो घडवणाऱ्यांच्या सह्या दिसतात. त्यांच्यात एक ठसा पंजाचा आहे. तो मिची या कुत्रीचा. तिचे मालक जे मायनर यांना अमिगाचे जनक मानले जाते. ऐंशीच्या दशकात युरोप-अमेरिकेत ‘अमिगा’वाले आणि ‘अटारी एसटी’वाले असे दोन तट होते. जुन्या संगणकांच्या शौकिनांत हा वाद आजही रंगतो. गंमत म्हणजे अमिगाचे मूळ अटारीतच होते.

जे मायनर कोण होते?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ३१ मे १९३२ रोजी जन्मलेल्या मायनर यांनी तटरक्षक दलात नोकरी केली आणि नंतर बर्कलीतून अभियांत्रिकीची पदवी घेतली. सत्तरच्या दशकात ते अटारीत आले. टीव्हीला जोडायच्या ‘अटारी २६००’ची चित्र व आवाजाची चिप आणि १९७९ च्या ‘अटारी ४००’, ‘८००’ या संगणकांच्या चिप यांमागे त्यांचे डोके होते. पुढचा संगणक मोटोरोलाच्या ६८००० या ताकदवान प्रोसेसरवर व्हावा, हा त्यांचा आग्रह मात्र वरिष्ठांनी मानला नाही. मायनर बाहेर पडले आणि पेसमेकरच्या चिप बनवू लागले.

अमिगात वेगळे काय होते?

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात नवी कंपनी निघाली आणि मायनर यांना हवा तो संगणक करायला मिळाला. मिचीही सोबत ऑफिसात असायची. सगळा भार मुख्य प्रोसेसरवर टाकायचा नाही, हे त्यांचे सूत्र. चित्रे हलवणे, रंग, आवाज ही कामे अ‍ॅग्नस, डेनिस आणि पॉला या तीन चिपनी वाटून घेतली. आज हातातल्या फोनमध्येही ग्राफिक्स आणि आवाजासाठी वेगळे भाग असतात, ते याच तत्त्वावर. पीसीवर सोळा रंगांचे अप्रूप असताना अमिगाकडे ४०९६ रंग, स्टिरिओ आवाज आणि एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्याची सोय होती.

मग अदलाबदल कशी झाली?

कंपनीकडचे पैसे संपले. अटारीने पाच लाख डॉलर उसने दिले, पण मुदतीत न फेडल्यास चिपचे तंत्रज्ञान अटारीचे, अशी अट घातली. ऐनवेळी कमोडोरच्या पैशांतून ते कर्ज फिटले आणि ऑगस्ट १९८४ मध्ये कमोडोरने अमिगाच विकत घेतली. त्याआधी जानेवारीत कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमियल स्वतःचीच कंपनी सोडून गेले होते आणि जुलैत त्यांनी अटारीचा घरगुती व्यवसाय घेतला होता! म्हणजे कमोडोर विकत होती अटारीतून आलेल्या माणसाचा संगणक, तर अटारी चालवत होते कमोडोरचे संस्थापक. प्रोसेसर दोघांचाही ६८०००च.

जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कला अमिगाच्या अनावरणात चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी पडद्यावर गायिका डेबी हॅरी यांचे चित्र रंगवले. थाट मोठा होता, पण किंमत १,२९५ डॉलर, तीही मॉनिटरविना. अटारी एसटी मात्र कृष्णधवल मॉनिटरसह ७९९ डॉलरला मिळत होता, शिवाय वाद्ये जोडण्यासाठी त्यात मिडी पोर्ट होते. संगीतकार तिकडे वळले. १९८७ च्या स्वस्त ‘अमिगा ५००’ने, विशेषतः युरोपात, चित्र पालटले. तोवर कमोडोरने मूळ चमूचे कार्यालय गुंडाळले होते.

मायनर पुन्हा हृदयाच्या उपकरणांकडे वळले. त्यांना स्वतःला मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रासले होते. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. ५२ दिवसांनी, २० जून रोजी, ६२ व्या वर्षी मायनर गेले.