एमेट ॲशफोर्ड : सॉफ्टबॉलच्या मैदानातून मेजर लीगपर्यंत पोहोचलेले पंच

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये पंचाचे काम करणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून एमेट ॲशफोर्ड यांची नोंद आहे. ११ एप्रिल १९६६ रोजी वॉशिंग्टन येथे ते तिसऱ्या बेसवर उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये मेजर लीगचे दार उघडले होते. पंचांसाठी तेच दार उघडण्यास आणखी १९ वर्षे लागली. खेळाडूला मैदानावर स्वीकारणे एक आणि त्याच मैदानावर कृष्णवर्णीय माणसाचा निकाल अंतिम मानणे वेगळे, हा फरक या विलंबातून स्पष्ट होतो.

ॲशफोर्ड यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील लवकरच घर सोडून गेल्याने त्यांचा सांभाळ आईनेच केला. शालेय जीवनात ते उत्तम धावपटू होते आणि हा वेग पुढे त्यांच्या पंचगिरीची ओळख ठरला. शिक्षणानंतर त्यांनी टपाल खात्यात नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी ते हौशी संघातून बेसबॉल खेळू लागले. खेळाडू म्हणून मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा राखीव जागाच येत असे. १९३७ च्या सुमारास एका सामन्याला नियोजित पंच आलेच नाहीत. राखीव खेळाडूंत बसलेल्या ॲशफोर्ड यांना ती जबाबदारी देण्यात आली. त्यांनी ती नाखुशीनेच घेतली, परंतु प्रेक्षकांना त्यांची पद्धत इतकी आवडली की पुढे बॅट बाजूलाच पडली.

मंदीच्या त्या दशकात सॉफ्टबॉलचा अमेरिकेत झपाट्याने प्रसार झाला होता. १८८७ मध्ये शिकागोत बंदिस्त जागेत खेळण्यासाठी जन्मलेला हा खेळ कमी खर्चाचा आणि लहान मैदानात मावणारा असल्याने सार्वजनिक उद्यानांतून रुजला. अशा हौशी सॉफ्टबॉल स्पर्धा, शाळा-महाविद्यालयांचे सामने आणि हिवाळ्यात बास्केटबॉल, अशी ॲशफोर्ड यांची उमेदवारी चालली. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधील अंतर बेसबॉलपेक्षा कमी असते. चेंडू आणि धावणारा खेळाडू जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात आणि पंचाला विचार करण्यास उसंत मिळत नाही. नजर आणि पाय यांची याहून कठोर शाळा क्वचितच असेल. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलातही सेवा बजावली.

१९५१ मध्ये साउथवेस्ट इंटरनॅशनल लीगने त्यांना संधी दिली आणि ते अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधील पहिले कृष्णवर्णीय पंच ठरले. त्यासाठी आधी रजा घेऊन आणि नंतर राजीनामा देऊन त्यांनी सुमारे १५ वर्षांच्या टपाल खात्यातील सेवेवर पाणी सोडले. ही लीग तर वर्षभरातच, १९५२ मध्ये बंद पडली! निवृत्तिवेतनाची हमी सोडून आलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसासाठी तो कसोटीचा काळ होता. दुय्यम लीगमधून वाट काढत १९५४ मध्ये ते पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आले. तेथे त्यांनी १२ हंगाम काढले आणि अखेरीस ते तेथील मुख्य पंच झाले.

अमेरिकन लीगने त्यांना १९६६ च्या हंगामासाठी करारबद्ध केले. पहिल्या सामन्याला उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री उपस्थित होते. कृष्णवर्णीय माणूस पंच असेल यावर सुरक्षारक्षकांचा विश्वास बसेना आणि ॲशफोर्ड यांना प्रवेशद्वारावरच अडवण्यात आले, असे सांगितले जाते.

चकचकीत बूट, बाह्यांना कफलिंक, डावांच्या मध्यंतरात बेसपर्यंत जोराची धाव आणि सर्व अंगाने दिलेला निकाल, अशी त्यांची शैली होती. प्रेक्षक त्यावर खूष असत. काही सहकारी पंच आणि क्रीडा पत्रकारांना मात्र ते प्रदर्शन वाटे. उमेदीचा काळ उलटून गेल्यावर ते मेजर लीगमध्ये आले, अशीही टीका झाली. या टीकेत तथ्य असले, तरी त्या उशिराचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

१९६७ मध्ये त्यांना ऑल-स्टार सामन्याचा मान मिळाला. निवृत्तीचे वय ५५ असूनही त्यांना एका वर्षाची मुदतवाढ देण्यात आली आणि त्यामुळेच १९७० ची जागतिक मालिका त्यांना लाभली. त्या काळी सहा पंच आळीपाळीने होम प्लेटमागील सर्वांत महत्त्वाच्या जागी उभे राहत. ॲशफोर्ड यांची पाळी सहाव्या सामन्यात होती. बाल्टिमोर ओरिओल्सने सिनसिनाटी रेड्सवर पाचव्याच सामन्यात मालिका जिंकली आणि ती पाळी आली नाही.

त्यानंतर ते निवृत्त झाले. मेजर लीगमध्ये त्यांना अवघे पाच हंगाम मिळाले. १९७२ मध्ये आर्ट विल्यम्स हे नॅशनल लीगचे पहिले कृष्णवर्णीय पंच झाले. ॲशफोर्ड यांनी बेसबॉल आयुक्त बोवी कून यांचे साहाय्यक म्हणून काम केले आणि अलास्कातील उन्हाळी हौशी लीगमध्ये पंचांचे नेतृत्व केले. १ मार्च १९८० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने कॅलिफोर्नियातील मरिना डेल रे येथे त्यांचे निधन झाले.