सुराचे फकीर : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ



शाळेच्या संमेलनासाठी गाणाऱ्या मुलांची नावे घेऊ लागलो, की शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून येणारा एखादा मुलगा हमखास मागे सरतो. आपला आवाज बारीक आहे, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही, असे त्याला वाटते. घरचेही त्यालाच दुजोरा देतात. अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना आज एका थोर गायकाची ओळख करून द्यावीशी वाटते.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. वडील काले खाँ आणि चुलते यांच्याकडे त्यांना गायनाची तालीम मिळाली. तरुणपणीच ते बडोदे दरबारात गायक झाले. पुढे मुंबईमार्गे ते मिरजेस आले आणि तेच त्यांचे गाव झाले.

वाचकहो, खाँसाहेबांचा आवाज भारदस्त नव्हता. तो बारीक आणि नाजूक होता. द्रुत ताना घेण्याची तयारी मात्र त्यांच्या गळ्यात भरपूर होती. तरीही ग्वाल्हेर घराण्याचे रहमत खाँ यांचे भावपूर्ण गाणे ऐकून त्यांच्या गायकीला नवे वळण लागले. तयारी दाखविण्याची हौस मागे पडली. एकेक सूर सावकाश, आर्ततेने लावणे हीच त्यांची साधना झाली. तंबोरा सुरात लावण्यासाठी ते कितीही वेळ खर्च करीत. वाद्य बिघडले तर स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत. तंबोऱ्याच्या नादात त्यांचा बारीक आवाज असा मिसळे की ऐकणाऱ्यालाच शांत व्हावे लागे आणि त्याचे डोळे पाणावत.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. तेथे गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होती व तिचा खर्च खाँसाहेब जलशांच्या उत्पन्नातून भागवीत. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती, पण मराठी नाट्यपदांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर ऐकल्या गेल्या. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून गदगच्या एका मुलाला गाण्याचे वेड लागले आणि गुरूच्या शोधात त्याने घर सोडले. पुढे तो सवाई गंधर्वांचा शिष्य झाला. तेच पंडित भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीने केवढे काम केले पाहा!

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना आगगाडीत खाँसाहेबांच्या छातीत कळ आली. वाटेत सिंगपेरुमालकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथे तंबोरा जुळवून दरबारी रागात कलमा गात त्यांनी प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते चिरनिद्रा घेत आहेत. उरुसात नामवंत कलावंत त्यांच्या स्मरणार्थ तेथे हजेरी लावतात.

पालकहो, आवाज ही अल्लाहची देणगी आहे. ती लहान की मोठी, हे आपण आधीच ठरवून टाकू नये. आणि मुलांनो, संमेलनात नाव द्यायला पुढे या. सूर खरा लावण्याची मेहनत करा. शेवटच्या रांगेपर्यंत तो आपोआप पोचेल.