संभाव्यतेचे गणित मांडणारे श्रद्धावंत : ब्लेझ पास्कल

दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ नावाचे एक प्रकरण असते. त्यातील नाणी, फासे आणि पत्ते पाहून जुगाराची ही साधने मुलांच्या पाठ्यपुस्तकात कशी आली, असा प्रश्न एखाद्या पालकाला पडू शकतो. त्याचे उत्तर सतराव्या शतकातील एका फ्रेंच कॅथलिक गणितज्ञाच्या जीवनात सापडते. त्यांचे नाव ब्लेझ पास्कल.

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. वडील एत्येन हे करखात्यातील अधिकारी व स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी तिन्ही मुलांना घरीच शिकवले. १६३१ मध्ये हे कुटुंब पॅरिसला आले. लहान वयात भाषांकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून वडिलांनी ब्लेझपासून गणिताची पुस्तके दूर ठेवली होती. परंतु बाराव्या वर्षी हा मुलगा जमिनीवर आकृत्या काढून भूमितीचे नियम स्वतःच शोधत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले, असे थोरली बहीण जिल्बर्त यांनी लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे. पुढे वडिलांचे करवसुलीचे किचकट हिशेब सोपे व्हावेत म्हणून पास्कल यांनी १६४२ पासून बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करण्यास प्रारंभ केला. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते.

संभाव्यतेचा विषय त्यांच्यासमोर आला तो १६५४ मध्ये. मेरे नावाच्या एका सरदाराने त्यांना जुगारातील काही कोडी घातली. त्यांतील एक असे : दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ सुवर्णनाणी पणाला लावली आहेत. जो प्रथम तीन डाव जिंकेल त्याला सर्व ६४ नाणी मिळणार. पहिल्याने दोन डाव व दुसऱ्याने एक डाव जिंकला असताना खेळ थांबवावा लागला, तर नाण्यांची न्याय्य वाटणी कशी करावी?

लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ च्या आपल्या ग्रंथात अशा वाटणीचा विचार केला होता. जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात, म्हणजे येथे दोनास एक अशी वाटणी व्हावी, असे त्यांचे मत होते. पास्कल यांनी मात्र मागे किती डाव झाले याकडे न पाहता पुढे काय घडू शकते याकडे पाहिले. पुढचा डाव पहिल्याने जिंकला, तर त्याला ६४ नाणी मिळतील. हरला, तर दोघे बरोबरीत येतील व त्याच्या वाट्याला ३२ येतील. म्हणजे ३२ नाणी कोणत्याही परिस्थितीत त्याचीच. उरलेल्या ३२ नाण्यांवर दोघांची संधी सारखी, म्हणून ती निम्मी वाटावीत. पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६.

पियेर द फेर्मा या दुसऱ्या थोर गणितज्ञाशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार झाला. फेर्मा यांची रीत वेगळी होती. फार तर आणखी दोन डावांत निकाल लागणार. त्या दोन डावांचे चार प्रकारचे निकाल संभवतात आणि चारही सारखेच शक्य आहेत. त्यांपैकी तीन निकालांत पहिला जिंकतो, एकात दुसरा. म्हणून वाटणी तीनास एक, म्हणजे पुन्हा ४८ आणि १६! सर्व शक्य निकाल मोजणे व त्यांतील अनुकूल निकालांचे प्रमाण काढणे हीच आज वर्गात शिकवली जाणारी संभाव्यता. पास्कल यांच्या रीतीतून ‘अपेक्षित मूल्य’ ही संकल्पना विकसित झाली. आजचे विम्याचे हिशेब याच पायावर उभे आहेत.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री, पास्कल यांना परमेश्वराच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. सुमारे दोन तासांचा तो अनुभव त्यांनी लिहून काढला आणि आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतरच तो लेख इतरांच्या हाती लागला. संभाव्यतेचे हिशेब मांडणाऱ्या या माणसाला त्या रात्री जी खात्री लाभली, ती कोणत्याही हिशेबातून आलेली नव्हती.

पुढे ते पोर-रोयाल मठाशी संबंधित जान्सेनवादी मंडळींच्या बाजूने उभे राहिले. जान्सेनवादी शिकवणीतील काही विधाने ख्रिस्तसभेने १६५३ मध्ये निषिद्ध ठरवली होती आणि येशूसंघीयांवर टीका करणारी पास्कल यांची पत्रेही १६५७ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. हा इतिहास झाकण्याचे कारण नाही.

श्रद्धेच्या समर्थनार्थ त्यांना मोठा ग्रंथ लिहायचा होता. तो अपुरा राहिला. त्याची टिपणे ‘पाँसे’ या नावाने १६७० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील प्रसिद्ध पैजेत तेच गणित दिसते : देव आहे की नाही याविषयी साशंक असणाऱ्याने काय गमावण्याचा धोका आहे व काय मिळण्याची आशा आहे हे तोलून पाहावे. एका बाजूला मर्यादित सुख, दुसऱ्या बाजूला अनंत जीवन. हा परमेश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे. उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या माणसाला आत पाऊल टाकण्यासाठी दिलेले ते आवाहन आहे.

१६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरावीक मार्गाने, पाच सू भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्यांची सेवा सुरू झाली. तिच्या स्थापनेत पास्कल यांचा पुढाकार होता आणि तिच्या उत्पन्नातून त्यांना गरिबांना साहाय्य करायचे होते. त्याच वर्षी त्यांनी आश्रय दिलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलाला देवी आल्या. आजारी मुलाला बाहेर काढणे त्यांना रुचले नाही. आजारी असूनही ते स्वतःच घर सोडून बहिणीकडे राहायला गेले. तेथेच अंतिम संस्कार स्वीकारून १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १९ जून २०२३ रोजी, त्यांच्या चौथ्या जन्मशताब्दीदिनी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्याविषयी खास प्रेषितीय पत्र प्रसिद्ध करून त्यांचा गौरव केला.

उद्या काय होईल हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. तरीही न्यायाने आणि विचारपूर्वक निर्णय घेता येतो, हे पास्कल यांच्या गणिताने शिकवले. ज्या घरातून त्यांनी आजारी मुलाला जाऊ दिले नाही, तेथे मात्र त्यांनी लाभ-हानीचा हिशेब मांडला नाही.